‘पण ते खरंच चांगलं वाजवायचे का?’

लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचं नाव निघालं आणि मी तिथे असले, की हा प्रश्न येतोच. विचारणारे बदलतात. कधी ऑफिसातला नवा मुलगा असतो, त्याने नुकताच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या १९७३च्या कार्यक्रमांचा सिनेमा पाहिलेला असतो आणि रेकॉर्डवरचा गायक प्लांट इथे कुठे गेला, म्हणून तो गोंधळलेला असतो. कधी रोज दोन तास रियाज करणारी मैत्रीण असते. कधी माझ्यासारखाच कॅसेटी जमवण्यात तारुण्य घालवलेला कुणी असतो, त्याचं उत्तर ठरलेलं असतं आणि त्याला फक्त माझं ‘हो’ हवं असतं. सगळे येऊन थांबतात एकाच ठिकाणी. ‘तू एवढं ऐकलंयस, तर सांग. लाइव्ह ते खरंच चांगलं वाजवायचे का?’

वीस वर्षं मी याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी देत आलेय, माणूस बघून. त्याने माझ्याबद्दल दोन गैरसमज पसरलेत. एक, मी त्यांची आंधळी भक्त आहे. दोन, मला ते मुळात आवडतच नाहीत, मी फक्त चुका मोजते. दोन्हींचा कंटाळा आलाय. म्हणून आज सगळं सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून. चौघं कोण, काय वाजवायचे, का थांबले, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिटारवादक पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, तो किस्साही आज नको. तो स्टुडिओतला आहे. प्रश्न मंचाचा आहे.

तर, कुठल्या रात्रीबद्दल विचारताय? मी टाळाटाळ करत नाहीये, उत्तराची सुरुवातच इथून होते. २१ जून १९७७, लॉस एंजेलिस. २० जुलै १९७७, टेंपी, ॲरिझोना. तोच दौरा, तीच माणसं, तीच बरीचशी गाणी, मध्ये महिनासुद्धा नाही. पहिल्या रात्री ड्रमवाला बॉनम पहिल्या ठोक्यापासून असा सुटलाय की बाकीचे तिघं त्याला गाठायला धावताहेत. दुसऱ्या रात्री पेजची बोटं एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. या दोन रात्रींची सरासरी काढून मी तुम्हाला काय सांगू? शिवाय लॉस एंजेलिसची ती रात्र आपल्याला इतकी आवडते, त्यात माइक मिलर्ड नावाच्या माणसाचाही वाटा आहे. तो व्हीलचेअरमध्ये यंत्र लपवून आत न्यायचा, आणि त्याने प्रेक्षकांत बसून केलेलं ध्वनिमुद्रण त्या काळातल्या कित्येक चोरट्या ध्वनिमुद्रणांपेक्षा सरस आहे. एखाद्या गावच्या उत्तम रात्री कुणाच्या तरी कोटाच्या खिशातल्या मायक्रोफोनने नुसता गोंगाट टिपला असेल, तर ती आपल्या यादीत कधी येणारच नाही. आपण वादन जोखतो म्हणतो, पण निम्म्या वेळा मायक्रोफोन कुठे होता तेच जोखत असतो.

आवाजाचंही एकदा बोलून टाकते. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली १९७०ची रात्र ऐका, मग १९७३ ऐका. वरचे स्वर प्लांट टाळायला लागलाय, चाल खाली वळवतोय, ओळीचा शेवट गिळतोय. हे मला ऐकू येतं, तुम्हालाही येतं, न येण्यासारखं त्यात काही नाही. पण ‘प्लांट संपला’ म्हणून तिथेच कान बंद करणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९७५च्या मे महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्टला ते पाच रात्री वाजले. तिथे आवाज १९७०चा नाही, पण आहे त्या आवाजात काय करायचं हे त्याला कळलेलं आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत, अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर, पेजचं बोट आगगाडीच्या दारात चेमटलं होतं. पुढे ज्या ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ला ते अर्धा अर्धा तास द्यायचे, ते गाणं सुरुवातीचे काही दिवस बाजूलाच ठेवावं लागलं. शिकागोत प्लांटला फ्लू. त्या रात्री मी ऐकल्यात. वाईट आहेत. कारण कळलं म्हणून त्या चांगल्या होत नाहीत.

या मतावर मी ठाम होते. किती ठाम, ते सांगायचं तर मामाकडे यावं लागेल. गेली कित्येक वर्षं मी हे उत्तर देताना मामाला वगळत आलेय.

माझा मामा इचलकरंजीचा. कापडाचं शिक्षण घ्यायला १९७८मध्ये लीड्सला गेला, तीन वर्षांनी परत आला आणि मग आयुष्यभर यंत्रमागाच्या शेडमध्ये राहिला. आधी दुसऱ्यांच्या, मग स्वतःच्या. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या, एक जाड कोट आणि एक गोष्ट. ४ ऑगस्ट १९७९ची. साडेसात पौंडांचं तिकीट, सोबत त्याच घरात भाड्याने राहणारी दोन मुलं, लीड्सहून आगगाडीने स्टीवनेज, तिथून माणसांच्या लोंढ्यात नेबवर्थच्या मैदानापर्यंत. झेपेलिन चार वर्षं इंग्लंडात वाजले नव्हते. दिवसभर दुसरे बँड वाजत राहिले, याच्या पायाला मुंग्या आल्या, डबल रोटी संपली, पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसलेल्या मुलीमुळे याला तासभर काही दिसलं नाही. मग अंधार पडला आणि ते चौघं आले. तीन तासांहून जास्त. पेज गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवत होता आणि त्याच्याभोवती हिरव्या प्रकाशाचा पिरॅमिड उभा राहिला होता. शेवटी ते मैदान, ती एवढी माणसं, ब्रिटिश फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते ‘तू एकटा चालणार नाहीस’ गाणं म्हणायला लागली. मामाला शब्द येत नव्हते. तो नुसता सूर धरून होता.

ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकायचो. तो पिरॅमिड दाखवायला मामा दोन्ही हात वर करून जोडायचा. मामी फराळाची ताटं घेऊन यायची आणि म्हणायची, ‘झालं, नेबवर्थ लागलं.’

झेपेलिन ऐकायला मला त्यानेच शिकवलं, हे सांगितलं पाहिजे. मी दहावीत होते. मी गिटार ऐकत होते, सगळेच ऐकतात. तो म्हणाला, ‘गिटारवाल्याच्या मागं नको लागूस. ड्रमवाला काय करतोय ऐक. तो जॉबर हाय.’ इचलकरंजीत वाढलेल्यांना सांगायला नको. शेडमध्ये चोवीस माग एकदम खडखडत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, मात्र दारातून आत येता येता मान वळवतो आणि म्हणतो, सात नंबरचा धोटा अडकणार. अजून अडकलेला नसतो. त्याने तो बदललेला ठोका ऐकलेला असतो. बॉनम तसा आहे. पेजने वाट चुकायच्या आधी अर्धा क्षण त्याला ते कळतं, तो एक ठोका लांबवतो, बासवाला जोन्स खालून स्वर सरकवतो आणि पेज परत वाटेवर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे असंच ठरलेलं होतं.

माझं सगळं परीक्षण यावर उभं आहे. पेज चुकतो का, हा प्रश्नच नाही. पेज चुकतोच, १९६९पासून चुकतोय. चुकल्यावर बाकीचे काय करतात, ते मी ऐकते. अल्बर्ट हॉलला ते धावत जातात. टेंपीला कुणी वळूनही बघत नाही. स्वच्छ वाजवणं म्हणजे चांगलं वाजवणं हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. स्वच्छच हवं असेल तर रेकॉर्ड आहेत.

कॉलेजात असताना मी एक वही केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तारीख, गाव, ध्वनिमुद्रण कुठलं, आणि दहापैकी गुण. एका रात्रीत गाणं गाणं वेगळं. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ला वेगळा रकाना, कारण त्यात चौघांपैकी एकही लपू शकत नाही. चोवीस वर्षांची होईपर्यंत त्या वहीत सत्तरच्या वर रात्री होत्या. मला वाटत होतं, मी काहीतरी न्यायाचं काम करतेय.

२००३मध्ये त्यांच्या जुन्या चित्रफितींची डीव्हीडी आली. अल्बर्ट हॉल, मॅडिसन स्क्वेअर, अर्ल्स कोर्ट आणि नेबवर्थ. २००४च्या दिवाळीत मी ती घेऊन इचलकरंजीला गेले. पंचवीस वर्षांनी मामाने ते मैदान पाहिलं. सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसला होता. शेडमध्ये इतकी वर्षं काढल्याने त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून मान उजवीकडून पुढे. मध्येच मामीला हाक मारून म्हणाला, ‘हे बघ, हेच ते, मी इथं कुठंतरी डावीकडं हुतो.’ मामीने हात पुसत पुसत येऊन पाहिलं. तिलाही त्या दिवशी पहिल्यांदाच ती गोष्ट खरी वाटली असावी.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

‘मामा, हे निवडून, जुळवून घेतलंय,’ मी म्हणाले. ‘माझ्याकडे खरं आहे.’ पिशवीत ४ ऑगस्टचं प्रेक्षकांतून केलेलं, अखंड ध्वनिमुद्रण होतं. लावलं. आणि मी त्याला वही वाचावी तसं ऐकवलं. इथे बघ, वरचा स्वर आला की तो शब्दच सोडून देतो. हा सोलो ऐक, बोटं गुंतली. ही सुरुवात किती ढिली आहे, बॉनमसुद्धा ओढतोय. ‘हार्टब्रेकर’ला तर मी गाणं थांबवून मागे घेतलं आणि तोच भाग पुन्हा लावला, त्याला ऐकू आलं नसेल म्हणून. साधारण तासभर. तूच शिकवलंस तसं ऐकतेय, असंही म्हणाले. मला खरंच वाटत होतं, त्याला अभिमान वाटेल.

मामा ऐकत होता. मग विचारलं, ‘किती दिलेस?’

‘चार.’

‘दहापैकी?’

‘हो.’

‘म्हणजे आम्ही एवढी माणसं उगाच ओरडत हुतो?’

मी हसून म्हणाले, ‘उगाच नाही रे, पण तुम्ही चार वर्षं वाट बघत होता ना. काहीही चाललं असतं.’

तो ‘असं होय’ म्हणाला आणि उठला. रागावला नाही. रात्री जेवताना नेहमीसारखा बोलत होता. म्हणून मला काही कळलं नाही.

पुढच्या दिवाळीला माझ्या मावसभावाची नवी बायको आली होती. कुणीतरी म्हणालं, मामा, हिला नेबवर्थ सांग. मामाने लाडवाचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, ‘त्यात काय सांगायचं. तेव्हा ते थकले हुते म्हणे. काय खास वाजवलं नाही.’

म्हणे. तो तिथे होता. पायाला मुंग्या आलेल्या त्याच्या. मी १९७९ साली जन्मलेसुद्धा नव्हते, आणि तो माझ्या तोंडून ऐकलेलं ‘म्हणे’ लावून सांगत होता. त्यानंतर ती गोष्ट आमच्या घरात कुणी ऐकली नाही.

आता मी माझी बाजू मांडते, कारण ही गोष्ट ज्या दोघातिघांना सांगितली त्यांनी लगेच मला ‘बघ, गुण देणं हेच चूक’ असं सुनावलं. मला ते मान्य नाही. त्या रात्री मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. ४ ऑगस्टची रात्र असमान आहे. तेव्हाच्या इंग्लिश वृत्तपत्रांनीही ती उचलून धरली नव्हती. आपल्याकडे मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहून ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ असं म्हणणारी माणसं बुवांची वैरी नसतात. पुढच्या मैफलीला तीच पहिल्या रांगेत असतात. जमलं नाही तेव्हा जमलं नाही म्हणता आलं नाही, तर जमलं तेव्हाच्या ‘वा’ला काय किंमत?

आणि दुःखाचे गुण द्यायचे का? मला हेही ऐकवलं जातं. १९७७च्या जुलैमध्ये प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा गेला, दौरा तिथेच थांबला, नेबवर्थ हे त्यानंतरचं त्यांचं इंग्लंडातलं पहिलं वादन. माहीत आहे. १९८०च्या जूनमध्ये न्यूरेंबर्गला तिसऱ्या गाण्यानंतर बॉनम कोसळला आणि कार्यक्रम तिथेच संपला. तीन महिन्यांनी तो गेला. ते ध्वनिमुद्रण मी एकदाच ऐकलं, पुन्हा लावलं नाही. पण त्याला गुण द्यायची वेळ आली तर दया म्हणून जास्त देणार नाही. तो त्याचा अपमान होईल.

हे सगळं बरोबर आहे. आणि तरी चोवीस वर्षांच्या त्या मुलीशी मी भांडत असते. डीव्हीडीला ‘निवडून, जुळवून घेतलंय’ म्हणून नाक मुरडणाऱ्या त्या मुलीच्या वहीत ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ला साडेनऊ आहेत. शेरा आहे, ‘किती सलग!’ तोही अल्बम २००३चाच, आणि तोही १९७२च्या जूनमधल्या दोन रात्रींतून, लॉस एंजेलिस आणि लाँग बीच, जुळवलेला. पाकिटावर लिहिलं होतं. तिला ते दिसलं, पण तिच्या लाडक्या वर्षाचा असल्यामुळे तिला ते खटकलं नाही. मामाच्या रात्रीला कात्री चालली तर खोटं, हिच्या रात्रीला चालली तर सलग.

दुसरं, ती म्हणायची, टेप खोटं बोलत नाही. टेप खोटं बोलत नसेल, पण टेपला तो प्रकाशाचा पिरॅमिड दिसत नाही. ते मैदान किती मोठं, आवाज मागपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, पुढच्या माणसाच्या खांद्यावर कोण बसलंय, यातलं काही नाही. ‘मग ते वादन कसं झालं?’ यावर ती म्हणेल, वादन म्हणजे वाजवलेलं, बघितलेलं नव्हे. मी म्हणेन, मग एवढ्या लोकांसमोर जाऊन कशाला वाजवलं? ती म्हणेल, तो वेगळा प्रश्न. इथे आम्ही दोघी अडकतो. मी पंचेचाळिशीची होऊनही तिला हरवू शकलेले नाही.

एक गोष्ट मात्र तिला कबूल करावी लागेल. मामा रात्र जोखत नव्हता. त्याने मला जोखायला कधी विचारलंही नव्हतं. तो नुसता सांगत होता, आणि मला जिंकायचं होतं.

२०१२मध्ये ‘सेलिब्रेशन डे’ आलं, ते पुन्हा एकत्र वाजले त्या कार्यक्रमाची फिल्म. १० डिसेंबर २००७, लंडनचं ओटू, बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन. काही गाणी खालच्या पट्टीत घेतलेली, वयाचा मान राखून. पेज चुकतो तेव्हा जेसन ऐकतो. बापाइतकं आधी नाही, पण ऐकतो. मी ते घेऊन इचलकरंजीला गेले. या वेळी पिशवीत दुसरं काही नेलं नव्हतं. मामाने सदरा बदलला, कानाचं यंत्र लावलं, सोफ्यावर टेकून बसला. पुढे सरकला नाही. पहिलं गाणं सुरू झालं, तबकडी फिरत होती, आणि तो पडद्याकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणाला, ‘चांगलं हाय का गं हे?’

मी ‘हो’ म्हणाले. ‘खूप चांगलं आहे.’ मग त्याने मांडीवर बोटं वाजवायला सुरुवात केली.

मामा २०१६मध्ये गेला. त्या दिवाळीबद्दल मी त्याच्याशी कधी बोलले नाही. बोलायचं ठरवून दोनदा एसटीत बसले होते.

तर तुम्ही विचारता, ‘ते खरंच चांगलं वाजवायचे का?’ तेव्हा माझा चेहरा का पडतो, मी चिडून उत्तर का देते, हे आता कळलं असेल. तुम्ही झेपेलिनबद्दल विचारत असता. मला ‘चांगलं हाय का गं हे?’ ऐकू येतं. ऐका ना आधी. अल्बर्ट हॉल ऐका, अर्ल्स कोर्टची एखादी रात्र ऐका, २१ जून ऐका, टेंपीसुद्धा ऐका. मग तुमचं काय ते मला सांगा, मी भांडेन तुमच्याशी, मनापासून भांडेन.

वही अजून आहे. नवीन रात्री मी अजूनही लिहिते. गेल्या महिन्यात ४ ऑगस्ट पुन्हा ऐकली, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, हेडफोन लावून. ‘हार्टब्रेकर’ अजूनही तसंच आहे. सोलोमध्ये बोटं त्याच जागी गुंततात. पण ‘कश्मीर’ मी त्या वेळी गाळलं होतं. मामाला ऐकवताना पुढे ढकललं होतं, कारण त्यात दाखवण्यासारखी चूक नव्हती. बॉनम तिथे पहिल्या ठोक्यापासून अंगात आल्यासारखा वाजवतोय, जोन्स त्याच्याखाली भिंतीसारखा उभा आहे, आणि प्लांट वर जायचं तिथे वर जातो.

रात्रीचे चार खोडले नाहीत. ‘कश्मीर’ला खाली वेगळी ओळ केली. नऊ.